उंदरांची शाळा आणि प्राध्यापकाची नोकरी

दोन-तीन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत उभा असताना एका काकांनी मला विचारलं, "काय रे, सूनबाई सध्या काय करतात?" मी म्हटलं, "काका, उंदीर कसे शिकतात यावर तिने पीएचडी केलीय." काकांनी ताटात मसालेभात वाढून घेतला, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "वा! मग पुढे?"

या 'मग पुढे?'चं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. मी इंजिनियर. आमच्या धंद्यात पदवी झाली की नोकरी, नोकरी कंटाळवाणी झाली की दुसरी नोकरी, एवढंच गणित. प्राध्यापकीच्या नोकऱ्या कुठे निघतात, कधी निघतात, जाहिरातीतल्या कुठल्या शब्दाचा काय अर्थ असतो, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. ते आम्ही दोघे ठेचा खात शिकलो. अलीकडे मंडळातल्या तीन-चार आईवडिलांचे मला फोन आले. "मुलगी डॉक्टरकीचा नाद सोडून प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करायचा म्हणते. यात नोकऱ्या आहेत का?" प्रत्येकाला तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं, असं वाटलं. विषय नोकरीचा असला तरी शेवटी तो पैशांवर आणि तब्येतीवर येऊन ठेपतो, म्हणून संपादकांनी त्याला या पानावर जागा दिली आहे.

विषय एक, दारं अनेक

पहिली अडचण अशी की 'प्राणी-वर्तन विभाग' नावाचा विभाग बहुतेक विद्यापीठांत नसतोच. याचं कारण या विषयाच्या इतिहासात आहे.

एक शाखा मानसशास्त्रातून आली. एडवर्ड थॉर्नडाइकने १८९८ साली कोलंबिया विद्यापीठात मांजरांना लाकडी खोक्यांत कोंडून, कडी उघडून बाहेर पडायला त्यांना किती वेळ लागतो ते मोजलं. प्रत्येक प्रयत्नागणिक तो वेळ हळूहळू कमी होत गेला. रशियात पावलॉव्हचे कुत्रे आणि पुढे १९३८ साली स्किनरचं उंदरांवरचं पुस्तक, ही सगळी याच घराण्यातली. दुसरी शाखा जीवशास्त्रातली. लॉरेंझ, टिनबर्गन आणि फॉन फ्रिश यांनी प्राण्यांचा अभ्यास त्यांच्या नैसर्गिक परिस्थितीत केला आणि १९७३ चं नोबेल पारितोषिक तिघांत वाटून घेतलं. पहिली मंडळी विचारत, "प्राणी शिकतो कसा?" दुसरी विचारत, "तो असा वागतो का, आणि उत्क्रांतीत ही वागणूक आली कुठून?"

आज या दोन घराण्यांची मुलं-नातवंडं चार-पाच विभागांत पसरली आहेत: मानसशास्त्र, जीवशास्त्र, मेंदूविज्ञान, माकडांवर काम करणारा मानववंशशास्त्र विभाग आणि पशुवैद्यक कॉलेजं. म्हणून जाहिरात शोधताना 'प्राण्यांचं शिकणं' हे शब्द शोधत बसलात तर हाती फार थोडं लागेल. 'बिहेवियरल न्यूरोसायन्स', 'कंपॅरेटिव्ह कॉग्निशन', 'लर्निंग अँड मेमरी', 'बिहेवियरल इकॉलॉजी' अशा सगळ्या नावांखाली शोधावं लागतं. पहिल्या वर्षी माझ्या बायकोने फक्त मानसशास्त्राच्या जाहिराती पाहिल्या. निम्म्या जागा दुसऱ्या दारावर लागलेल्या होत्या, हे आम्हाला मोसम संपल्यावर कळलं.

आता माझ्या धंद्याशी असलेला एक धागा सांगतो, कारण मुलांच्या पुढच्या वाटेसाठी तो महत्त्वाचा आहे. १९७२ साली रेस्कोर्ला आणि वॅग्नर यांनी शिकण्याचं एक साधं समीकरण मांडलं. घरचं उदाहरण घ्या. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की जेवण मिळतं, हे पोराला पक्कं माहीत झालं की तिसऱ्या शिट्टीनंतर जेवण आलं तरी तो नवीन काही शिकत नाही. एखाद्या दिवशी शिट्ट्या होऊनही जेवण आलं नाही, किंवा एकाच शिट्टीत आलं, तर मात्र तो शिकतो. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांत जितका फरक, तितकं शिकणं. रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी या कल्पनेला पुढे काळाची जोड दिली आणि त्यातून संगणकाला शिकवण्याची एक शाखा उभी राहिली. त्या कामासाठी त्यांना २०२४ चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. सटनची पहिली पदवी मानसशास्त्राची आहे! बायको जेवणाच्या टेबलावर उंदरांची समीकरणं लिहायची तेव्हा मला ती ओळखीची वाटायची, ती यामुळे. सांगायचा मुद्दा असा, की या विषयाच्या मुलांनी संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग पक्कं केलं तर त्यांना एका ऐवजी अनेक दारं उघडी राहतात.

जाहिरात कशी वाचावी

घर घेताना आपण करारपत्रातली ओळ न् ओळ वाचतो. नोकरीची जाहिरातही तशीच वाचायला हवी. पुढच्या शब्दांकडे नीट लक्ष द्या.

१) 'टेन्यूअर-ट्रॅक'. ही कायम होण्याच्या वाटेवरची नोकरी. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेने १९४० साली जे निवेदन केलं, त्यात उमेदवारीचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त नसावा असं तत्त्व घातलं. त्यामुळे साधारण सहाव्या वर्षी मोठी परीक्षा होते. पास झालात तर कायम, नाही तर एक वर्षाची मुदत आणि नमस्कार.

२) 'व्हिजिटिंग'. शब्द पाहुणचाराचा असला तरी ही एक-दोन वर्षांची तात्पुरती नोकरी. काम पूर्ण प्राध्यापकाचं, पण करार संपला की संपला.

३) 'अ‍ॅडजंक्ट'. एकेका वर्गाच्या हिशेबाने पैसे. बहुधा विमा नाही, पेन्शन नाही. शिकवण्याचा अनुभव म्हणून एखादं सत्र ठीक, पण संसार यावर चालत नाही.

४) 'टीचिंग लोड'. 'टू-टू' म्हणजे प्रत्येक सत्रात दोन वर्ग, 'फोर-फोर' म्हणजे चार. फोर-फोरच्या जागी संशोधनाला सवड जवळजवळ उरत नाही. पण तिथे कायम होण्यासाठी शोधनिबंधांची अपेक्षाही कमी असते. चांगलं-वाईट असं काही नाही; आपल्याला काय हवं, ते आधी ठरवायचं.

५) 'स्टार्ट-अप'. प्रयोगशाळा उभारण्यासाठी विद्यापीठ देतं ती रक्कम. प्राण्यांवर काम करणाऱ्याला हा कळीचा शब्द. उंदीर ठेवायचे तर स्वतंत्र हवा खेळवलेल्या खोल्या, पिंजरे, देखभालीची माणसं आणि दर पिंजऱ्यामागे दर दिवसाचं भाडं लागतं. हो, आपल्याच विद्यापीठाला आपण भाडं भरायचं! ही व्यवस्था तिथे आहे का आणि दर काय, हे सही करण्यापूर्वी विचारावं. शिवाय प्राण्यांवरच्या कामाला संस्थेच्या समितीची मंजुरी लागते. १९६६ च्या प्राणी-कल्याण कायद्यातून संशोधनासाठी वाढवलेले उंदीर वगळलेले आहेत, पण सरकारी आरोग्य-संशोधनाचा पैसा घेतला की ते समितीच्या कक्षेत येतात. नव्या जागी ही मंजुरी मिळेपर्यंत काही महिने जातात आणि सहा वर्षांचं घड्याळ तोवर चालूच असतं.

अर्जासोबत पत्र, कामाचा गोषवारा, संशोधनाचं निवेदन, शिकवण्याचं निवेदन आणि साधारण तीन शिफारसपत्रं लागतात. एकाच मजकुराच्या पन्नास प्रती पाठवणं हा टपालखर्च नसला तरी वेळेचा अपव्ययच. त्या कॉलेजात कोण काय शिकवतं, कुठला विषय शिकवायला माणूस नाही, हे पाहून पत्र लिहिलं की फरक पडतो.

मोसम कधी?

आंब्यासारखाच या नोकऱ्यांनाही मोसम असतो. बहुतेक जाहिराती ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये निघतात. 'क्रॉनिकल ऑफ हायर एज्युकेशन', 'सायन्स' आणि त्या त्या विषयाच्या संघटना, उदाहरणार्थ १९६४ साली स्थापन झालेली अ‍ॅनिमल बिहेवियर सोसायटी, ही त्या पाहण्याची ठिकाणं. अर्जांची मुदत सप्टेंबर ते नोव्हेंबर. थंडीत आधी फोनवर किंवा पडद्यावर मुलाखत होते. मग तीन-चार जणांना प्रत्यक्ष बोलावतात. तिथे दीड-दोन दिवस राहायचं, संशोधनावर व्याख्यान द्यायचं, एक नमुना तास घ्यायचा आणि नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत हसतमुख राहायचं. नेमणुकीची पत्रं जानेवारी ते मार्चमध्ये येतात आणि काम पुढच्या ऑगस्टमध्ये सुरू होतं. म्हणजे अर्ज आणि पहिला पगार यांत जवळजवळ एक वर्ष. वसंत ऋतूत ज्या जाहिराती निघतात, त्यांतल्या बऱ्याच 'व्हिजिटिंग' असतात.

आमची ठेच

हे सगळं आम्ही कसं शिकलो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तो खर्च पडणार नाही.

२०२२ च्या वसंतात बायकोची पीएचडी झाली आणि जवळच्या एका कॉलेजात तिला 'व्हिजिटिंग'ची जागा मिळाली. आम्ही पेढे वाटले. करारपत्र मी वाचलंसुद्धा नाही, कारण घरचा विमा माझ्या कंपनीचा होता. २०२३ च्या जानेवारीत आमच्या क्षेत्रात कपातीची लाट आली आणि त्यात माझी नोकरी गेली. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला. नशिबाने तिच्या कॉलेजने तिचा एच-वन-बी केला होता, म्हणून मी तिच्यावर अवलंबून असलेला एच-फोर झालो. ती उंदरांना शिकवत होती आणि उंदीर आम्हाला पोसत होते, असं मी गमतीने म्हणत असे. मला काम करायची परवानगी मात्र नव्हती. जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज एका ठराविक टप्प्यापर्यंत मंजूर झाल्याशिवाय एच-फोरवर ती मिळत नाही.

आम्ही सगळे तिच्या कॉलेजच्या विम्यात गेलो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलाच्या दम्याचा पंप आणायला मी औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरवरची बाई म्हणाली, "तुमचा विमा बंद झालेला दिसतोय." करार मेच्या मध्यावर संपला होता आणि विमा मेअखेर. पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं. चूक वाचणाऱ्याची, म्हणजे न वाचणाऱ्याची. त्या दिवशी पंपाचे पूर्ण पैसे खिशातून भरले. पैशांपेक्षा मला दुःख झालं ते निराळंच. इतकी वर्षं कंप्युटरला दिलेली प्रत्येक ओळ तपासणारा मी, आणि मुलाच्या औषधाची ओळ तपासली नव्हती.

त्या संध्याकाळी एका मित्राने 'कोब्रा'ची आठवण करून दिली. नाव सापाचं असलं तरी ही तरतूद कामाची आहे. वीस किंवा अधिक माणसं असलेल्या मालकाकडची नोकरी सुटल्यावर तोच विमा स्वतःच्या पैशाने चालू ठेवता येतो. त्यासाठी किमान साठ दिवसांची मुदत मिळते आणि हप्ते भरले की संरक्षण मागच्या तारखेपासून लागू होतं. हप्ता जबर असतो. सरकारी विमा-बाजारातही, विमा गेल्यापासून साठ दिवसांत वर्षाच्या मधेच नाव घालता येतं. दोन्हींची तुलना करून निर्णय घ्यावा. मला जुलैत पुन्हा नोकरी लागली आणि आमची सुटका झाली.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा: नेमणुकीचं पत्र आलं की पगाराच्या आकड्याआधी तीन तारखा शोधायच्या. करार कधी संपतो, विमा कधी संपतो, आणि शेवटचा पगार कधी येतो.

पैशांचं गणित

आईवडिलांची पहिली भीती फीची असते. ती अनाठायी आहे. या विषयातली चांगली पीएचडी स्वतःच्या पैशाने करायची नसते. विद्यापीठ फी माफ करतं आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या मोबदल्यात भत्ता देतं. भत्ता न देता प्रवेश दिला तर तो नाकारलेलाच बरा. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शिष्यवृत्तीचा भत्ता २०२४ च्या आर्थिक वर्षात पीएचडीच्या विद्यार्थ्याला २८,२२४ डॉलर आणि नव्या पोस्ट-डॉकला ६१,००८ डॉलर होता. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानची पदवीधरांसाठीची शिष्यवृत्ती वर्षाला ३७,००० डॉलरची आहे, पण ती फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते. इथे जन्मलेल्या आपल्या मुलांनी तिचा अर्ज जरूर करावा.

खरी किंमत फीची नाही, वर्षांची. पीएचडीची पाच-सहा वर्षं आणि पोस्ट-डॉकची दोन-तीन धरली तर तिशी उलटते. तोवर निवृत्तीसाठी दमडी साठत नाही. इथे एक उपयोगी बदल झाला आहे. पूर्वी शिष्यवृत्तीचं उत्पन्न 'कमाई' धरत नसत, त्यामुळे त्यातून आयआरए खातं भरता येत नसे. २०२० च्या करवर्षापासून पीएचडी आणि पोस्ट-डॉकच्या करपात्र शिष्यवृत्तीतूनही ते भरता येतं. वर्षाला तीन हजार डॉलर सहा वर्षं टाकले आणि सहा टक्के वाढ धरली, तर त्या अठरा हजारांचे पुढच्या तीस वर्षांत सुमारे एक लाख वीस हजार होतात. भत्त्यातून एवढं उरत नसेल तर आईवडिलांनी वाढदिवसाची भेट म्हणून खात्यात घालावं. गाडी घेऊन देण्यापेक्षा हे बरं! जोडीदार कमावत असेल आणि कर एकत्र भरत असाल, तर न कमावणाऱ्याच्या नावानेही आयआरए भरता येतं.

नेमणूक झाल्यावर पगार बहुधा नऊ महिन्यांचा असतो. तो बारा महिन्यांत वाटून घेता येतो का, ते विचारा. उन्हाळ्याचा पगार स्वतःच्या संशोधन-निधीतून काढायचा असतो, आणि विज्ञान प्रतिष्ठान त्यासाठी साधारण दोन महिन्यांपर्यंतच पैसे देतं. जमेची बाजूही आहे. सरकारी विद्यापीठात अनेकदा ४०३(ब) आणि ४५७(ब) अशी दोन खाती एकाच वेळी मिळतात, आणि २०२५ साली प्रत्येकात २३,५०० डॉलर टाकता येत होते. विद्यापीठ स्वतःचा वाटा किती वर्षांनी पूर्ण तुमचा मानतं, आणि मुलांच्या फीत सवलत आहे का, हेही विचारून घ्यावं. सही करण्यापूर्वीचे दोन आठवडे तुमचे. त्यानंतर मागण्याला फारसा अर्थ उरत नाही.

ज्यांचं ग्रीन कार्ड अजून व्हायचं आहे

विद्यापीठांना एच-वन-बीच्या वार्षिक मर्यादेतून आणि सोडतीतून सूट आहे. मात्र त्या सुटीवर मिळालेला व्हिसा घेऊन पुढे खाजगी कंपनीत जायचं म्हटलं, तर ज्यांची आधी मर्यादेत गणना झालेली नाही त्यांना सोडतीत जावं लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये, देशाबाहेरून येणाऱ्यांसाठीच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर भरण्याची अट राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने आली. हे नियम बदलत राहतात, म्हणून या बाबतीत मित्राचा नव्हे, वकिलाचा सल्ला घ्यावा.

एक गोष्ट मात्र गाठीला बांधून ठेवा. वर्गात शिकवण्याची जागा असेल, तर ग्रीन कार्डच्या कामगार-अर्जासाठी कॉलेज शिक्षकांना खास सवलत आहे. स्पर्धेतून निवड झाल्याचा पुरावा दिला की पुन्हा जाहिरात द्यावी लागत नाही. पण हा अर्ज निवड झाल्यापासून अठरा महिन्यांच्या आत करावा लागतो आणि मूळ जाहिरात राष्ट्रीय व्यावसायिक नियतकालिकात आलेली असावी लागते. म्हणून जाहिरातीची प्रत पहिल्याच दिवशी जपून ठेवा आणि नेमणुकीच्या बोलण्यातच विचारा, "अर्ज कधी करणार?" नव्या जागी पहिलं वर्ष वर्गांच्या तयारीतच निघून जातं आणि अठरा महिने कधी संपले ते कळत नाही.

तब्येत

दोन गोष्टी. पहिली, ज्यांना दमा किंवा अ‍ॅलर्जी आहे त्यांनी उंदीर-सशांच्या प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावं. उंदरांच्या मूत्रातली प्रथिनं धुळीबरोबर हवेत पसरतात आणि त्यांची अ‍ॅलर्जी हा या व्यवसायातला ओळखीचा आजार आहे. अमेरिकन सरकारच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९८ साली त्यावर खास इशारापत्रक काढलं होतं. मुखपट्टी, हातमोजे, प्रयोगशाळेचे कपडे तिथेच उतरवून येणं, या गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळाव्यात. नाकातून पाणी आणि डोळ्यांची खाज यांकडे 'सर्दी' म्हणून दुर्लक्ष करू नये.

दुसरी मनाची. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली बक्षिसांच्या वेळापत्रकांवर मोठा ग्रंथ लिहिला. प्रत्येक टोचीला दाणा मिळणारं कबूतर, दाणे बंद झाले की लवकर थांबतं. पण ज्याला कधी दहा टोचींनी, कधी दोनशे टोचींनी दाणा मिळत आला आहे, ते दाणे बंद झाल्यावरही बराच वेळ टोचत राहतं. प्राध्यापकीची नोकरी शोधणारे नेमके याच पिंजऱ्यात असतात. वर्षभरात चाळीस अर्ज, एखादी मुलाखत, तीही थोडक्यात हुकलेली; आणि तेवढ्यावर माणूस आणखी एक वर्ष काढतो. हे मला बायकोनेच समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मी रोज हेच तर मोजते. आपण थांबायची तारीख आधीच ठरवू, कारण मधे उभं राहून ती मला ठरवता येणार नाही."

आम्ही ठरवलं: पोस्ट-डॉकच्या काळात दोन मोसम. त्यानंतर ती दुसरं दार ठोठावेल. कागदावर लिहून तो कागद आम्ही देव्हाऱ्याच्या खणात ठेवला.

दुसरी दारं

दुसरं दार म्हणजे हार नव्हे. ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवणारे वर्तन-विश्लेषक याच शास्त्रावर उभे आहेत. त्यांना प्रमाणपत्र देणारं मंडळ १९९८ साली स्थापन झालं, आणि त्या प्रमाणपत्राला मास्टर्स पुरतं. अ‍ॅनिमल बिहेवियर सोसायटी पाळीव प्राण्यांच्या वर्तन-तज्ज्ञांना प्रमाणित करते. प्राणिसंग्रहालयं, औषध कंपन्यांचे वर्तन-विभाग, अंधांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्था आणि संगणक कंपन्यांतलं ग्राहक-संशोधन, इथेही ही माणसं काम करतात. यातलं कुठलं दार आपल्याला आवडेल, याचा विचार पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी करावा. आठव्या वर्षी दमलेल्या अवस्थेत नव्हे.

मग पुढे?

२०२४ च्या हिवाळ्यात, म्हणजे ठरवलेल्या दुसऱ्या मोसमात, तिला दोन ठिकाणी बोलावलं. एक नावाजलेलं विद्यापीठ, दुसरं अडीच तासांवरच्या लहान गावातलं सरकारी कॉलेज. २०२५ च्या वसंतात सरकारी संशोधन-निधीला कात्री लागली, अनेक विद्यापीठांनी भरती थांबवली, आणि नावाजलेल्या जागेची निवडप्रक्रियाच रद्द झाली. लहान कॉलेजाने मात्र पत्र पाठवलं. टेन्यूअर-ट्रॅक, 'थ्री-थ्री'. पण तिथे उंदीर ठेवायला खोल्याच नव्हत्या.

ती दोन दिवस गप्प होती. दहा वर्षं उंदरांबरोबर काढलेली. मग तिने एक योजना लिहिली: उंदरांऐवजी गावातल्या लोकांचे पाळीव कुत्रे. मालकाने कुत्रा घेऊन यायचं, अर्धा तास खेळ खेळायचे, घरी जायचं. पिंजरा नाही, भाडं नाही. ड्यूक विद्यापीठात २००९ पासून अशी प्रयोगशाळा आहे, म्हणजे ही काही वेडी कल्पना नव्हती. कॉलेजला ती पसंत पडली. समितीची मंजुरी तिलाही लागलीच, पण विद्यार्थ्यांची रांग लागली आहे. माझ्या कंपनीने मला घरून काम करू दिलं. पगार थोडा कमी झाला, पण मुलाच्या विम्याची तारीख आता मला तोंडपाठ आहे.

यंदाच्या गणपतीला आम्ही अडीच तास गाडी चालवून आलो. ते काका पुन्हा रांगेत भेटले. या वेळी त्यांनी विचारायच्या आत मीच म्हणालो, "काका, सूनबाई आता कुत्र्यांना शिकवतात." काका म्हणाले, "अरे, मग पगार?" मी म्हटलं, "नऊ महिन्यांचा. बारा महिन्यांत वाटून घेतलाय."

देव्हाऱ्याच्या खणातला तो कागद अजून तिथेच आहे. वापरावा लागला नाही, पण तो होता म्हणून आम्हाला त्या दोन वर्षांत झोप लागली. तुमच्या घरी कोणी या वाटेने निघत असेल तर त्याला अडवू नका. जाहिरात एकत्र बसून वाचा, तारखा लिहून काढा, आणि थांबायचा दिवस निघण्यापूर्वीच ठरवा.

चूकभूल द्यावी घ्यावी. करार वाचायला कोणाला सोबत हवी असेल तर मंडळाच्या कार्यक्रमात मला जरूर गाठा. मसालेभाताच्या रांगेत मी सापडेन.